मापाडी आणि मधली रांग

पोतं काट्यावर चढवलं की मापाडी दोन पावलं मागे सरायचा आणि दोन्ही हात पाठीशी बांधून उभा राहायचा. धान्यबाजारात छत्तीस वर्षं त्याने हेच केलं. अंगठा लागला, गुडघा टेकला, सदऱ्याची बाही अडकली, असं कुणी म्हणायला जागा नको. काटा थरथरून एका जागी थांबला की तो आकडा ओरडायचा, आणि असा ओरडायचा की पार त्या टोकाला चहावाल्याच्या हातातला कप डचमळायचा.

घरीही तोच नाद. लेक जन्मली तेव्हा सुईणीने बाहेर येऊन मुलगी झाली म्हणून सांगितलं, तर हा विचारतो, "भरली किती?" मापाडीण त्या दिवसापासून ती गोष्ट रंगवून रंगवून सांगत आली आहे. माणूस तसा लाख मोलाचा, पण तोंडात आकडा आला की तो गिळता येत नाही, एवढाच काय तो रोग.

त्या रोगापायी लेकीच्या लग्नातही घोटाळा झाला. लेक नदीपलीकडे दिली होती. लग्नाच्या जेवणासाठी विहिणीने वर वजन लिहिलेली धान्याची एक गोणी पाठवली होती. एवढं पाहुण्यांनी भरलेलं घर, एवढी माणसं जमलेली, आणि या गृहस्थाने गोणी उतरवता उतरवता काट्यावर टाकली. वरून भर मांडवात ओरडला, "पाऊण किलो कमी!" सवयीने ओरडला हो, मनात काही नव्हतं. पण विहिणीचं तोंड असं मिटलं की पुढे चार वर्षं तिने व्याह्याशी चकार शब्द काढला नाही. लेकीच्या घरी गेला की ती पाण्याचा तांब्या समोर ठेवायची आणि आत निघून जायची.

मग पलीकडे लढाई पेटली. लेकीला तेव्हा नववा लागला होता. एका सकाळी तिचा फोन आला, "बाबा, आम्ही निघतोय, पुलाकडे चाललोय, बॅटरी संप..." आणि तिथेच तुटला. त्यानंतर काही नाही. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस.

इकडे माणसांचा लोंढा सुरू झाला. बाजारामागच्या मोठ्या मैदानात तंबू उभे राहिले. लिलाव बंद पडले, आणि धान्याच्या शेडमध्ये मदत करणाऱ्या संस्थांनी आपापली टेबलं मांडली. कुणाची निळी जॅकेटं, कुणाची हिरवी, कुणाची नारिंगी. पहिल्या आठवड्यात अशी गंमत झाली की तिघांनीही ब्लँकेटंच आणली. एकेका कुटुंबाकडे सात-सात ब्लँकेटं आणि शिजवायला एक पातेलं नाही. एका म्हाताऱ्याने म्हणे विचारलं, "ब्लँकेट उकडून खायचं असतं का तुमच्याकडे?" त्यानंतर सगळ्यांना शहाणपण आलं आणि रोज सकाळी नऊला शेडमध्ये बैठक बसू लागली. कोण काय देणार, कुठे देणार, ते तिथे ठरायचं. धान्य निळे आणि हिरवे मिळून वाटणार होते, आणि त्यासाठी त्यांना एक मापाडी हवा होता.

"जा," मापाडीण म्हणाली. "येईल ते माणूस तुमच्या काट्यापुढून जाणार. आपली पोर आली तर आधी तुम्हालाच दिसेल."

तो गेला. निळ्यांची मुख्य बाई उंच, आवाज बसलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने सहीसाठी एक कागद पुढे केला. मापाड्याला वाचता यायचं जेमतेम, म्हणून तिनेच वाचून दाखवलं. माणूस म्हणून द्यायचं. गरज बघून द्यायचं, ओळख बघून नाही. भांडणात कुणाची बाजू घ्यायची नाही. आणि बाहेरचं कुणी सांगतंय म्हणून वाकायचं नाही.

"एवढंच?" मापाडी म्हणाला. "आमचा काटा हे छत्तीस वर्षं पाळतोय."

सही केली आणि अर्ध्या तासात घसरला. रांगेत एक दणकट माणूस आला, त्याची बोली ऐकून मापाड्याने विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूचे हो? तोफा लावणाऱ्यांतले का?" त्या माणसाचं तोंड पांढरं पडलं. निळीबाई लगेच तिथे.

"मापाडी, आत्ताच कशावर सही केलीत?"

"सहज विचारलं."

"इथे सहज काही नसतं. त्याच्या घरात खाणारी तोंडं किती, तेवढं विचारा."

मापाड्याच्या डोक्यात मात्र एकच. याच्याच लोकांनी आपल्या पोरीचं गाव जाळलं असेल तर? पोतं काट्यावर होतं. अंगठा पुढे जायला किती वेळ लागतो? तो दोन पावलं मागे सरला, हात पाठीशी घट्ट बांधले आणि आकडा ओरडला. त्या माणसाने पोतं खांद्यावर घेतलं आणि जाता जाता हळूच म्हणाला, "चार लेकरं आहेत." मापाड्याने नुसती मान हलवली.

दोन दिवसांनी गावातला एक पुढारी फोटोवाला घेऊन आला. म्हणे आमच्या ओळखीच्या तंबूंना आधी द्या, आणि पोत्यावर आमचं चित्र चिकटवा. निळीबाईने त्याला चहा पाजला, दोन्ही गोष्टींना नाही म्हटलं आणि रस्त्यापर्यंत सोडायला गेली. मापाडी चहावाल्याला म्हणाला, "बघितलंस? हाकलला, पण कपबशीसकट."

शेडच्या कोपऱ्यात हरवलेल्या माणसांचा तपास करणारी एक मुलगी बसायची. तिला सगळे शोधवाली म्हणत. तिच्यापुढे पत्र्याची एक पेटी आणि पेटीत कार्डं. मापाडी पहिल्याच दिवशी तिच्यासमोर जाऊन बसला.

"लेकीचं पूर्ण नाव सांगा."

त्याने सांगितलं. पुढे स्वतःचं आडनाव लावलं. लग्न होऊन लेकीचं आडनाव बदललंय, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. शोधवालीने तेच लिहून घेतलं.

"आता यादी उघड आणि बघ," मापाडी म्हणाला.

"बघते. पण ती सापडली तरी आधी तिला विचारणार, मग तुम्हाला सांगणार."

"अगं, मी बाप आहे तिचा!"

"काल एक जण आला होता, बायकोला शोधत. ती त्याच्यापासूनच पळून आलेली होती." शोधवालीने पेटी मिटली. "म्हणून काका, आधी विचारायचं."

मापाडी कुरकुरत उठला. पण घरी जाऊन बायकोला म्हणाला, "पोरगी पक्की आहे. तिच्या काट्याला कुणाचा अंगठा लागायचा नाही."

दिवस जात होते. तो रोज हजारेक माणसांना धान्य मोजून द्यायचा आणि प्रत्येकीच्या तोंडाकडे बघायचा. पोटुशी बाई दिसली की आकडा ओरडताना आवाज चिरकायचा. शोधवाली रोज नुसती मान हलवायची. रोज संध्याकाळी मापाडीण दारात उभी असायची, आणि तो चप्पल काढायच्या आत तिला उत्तर कळायचं. बोलणं बंदच झालं होतं म्हणा ना. एकदा तिने ताटात दोनच्या जागी तीन भाकऱ्या वाढल्या, आणि तिसरी कुणासाठी ते दोघांनाही ठाऊक होतं.

फोन तुटल्यापासून तेविसाव्या दिवशी नवंच संकट आलं. सकाळी आठाच्या सुमाराला पंधरा-वीस बायका काट्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. काही नळाच्या बाजूने मोजून सहाव्या रांगेतल्या, काही रस्त्याच्या बाजूने मोजून सहाव्या रांगेतल्या.

"मापाडीबाबा, तुमचं माप कमी भरतंय," त्यांतली एक ठसक्यात म्हणाली.

मापाड्याने हातातलं पोतं खाली ठेवलं.

"काय म्हणालीस?"

"सात दिवसांचं धान्य म्हणता, चार दिवसांत संपतंय."

"बाकीच्या रांगांना पुरतंय ते?"

"ते आम्हाला काय माहीत? आमचं संपतंय."

त्याने त्यांच्याच समोर चार पोती काट्यावर टाकली. बरोबर. वजनाचे लोखंडी ठोकळे मागवून काटाच तपासला. बरोबर. बायका एकमेकींकडे बघू लागल्या आणि त्यांतली एक खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागली. मापाड्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. माप चोरणारा नव्हे, काहीतरी लपवणारा असा उभा राहतो, हे बाजारात राहून त्याला चांगलं माहीत होतं.

"चला," तो म्हणाला. हातात धरून जोखायचा छोटा ताणकाटा खांद्याला अडकवला. "घरातलं उरलेलं मोजतो. बघू कुठे गळतंय."

मैदानात दोन्ही सहाव्या रांगांच्या मधे पाणी वाहून जायला एक पट्टी मोकळी सोडलेली असायची. मापाडी तिथे पोचला आणि थबकला. पट्टी मोकळी नव्हती. तिथे तंबूंची आणखी एक पुरी रांग होती. तीसेक तंबू, दोरखंड एकमेकांत गुंतलेले, पोरं खेळत होती, आणि एका चुलीवर एका पातेल्यात तीन घरांचं शिजत होतं.

"ही रांग कधीची?"

"सोळा दिवस झाले," ठसकेवालीचा ठसका गेला होता. "यांना धान्य मिळत नाही. निळ्यांकडे गेले की म्हणतात तुम्ही हिरव्यांचे. हिरव्यांकडे गेले की म्हणतात निळ्यांचे. दारातल्या यादीतच नाव नाही, तर तुमच्यापर्यंत पोचणार कसे? मग आम्हीच देतो थोडं थोडं."

"मग सरळ सांगायचं! माप कमी म्हणून माझ्या तोंडाला काळं का फासता?"

"सांगितलं तर आमचंही बंद करतील अशी भीती वाटली."

मापाडी काही बोलणार, एवढ्यात समोरच्या तंबूचा पडदा हलला. आतून कुणीतरी डोकावलं आणि झटकन मागे सरलं. एका क्षणाचंच दिसणं, पण ते मिटलेलं तोंड त्याने चार वर्षं बघितलं होतं. तो पडदा सारून आत गेला.

विहीण ब्लँकेटांच्या ढिगावर बसली होती. अर्धी झाली होती वाळून. तिने त्याच्याकडे बघितलं, मग खांद्यावरच्या ताणकाट्याकडे बघितलं.

"व्याही, इथेही काटा घेऊन आलात?"

मापाडी जमिनीवरच बसला. "पोर कुठाय?"

तिने तोंड फिरवलं. बोलली तेव्हा आवाज जमिनीला टेकला होता. "पुलाच्या आधी तिला कळा सुरू झाल्या. एक रुग्णगाडी थांबली. दोघांचीच जागा होती. मी लेकाला म्हटलं, तू चढ, मी मागून येते. गाडी डावीकडे वळली. गर्दीने मला उजवीकडे ढकललं. त्यापुढचं मला काही ठाऊक नाही."

"आणि तुम्ही सोळा दिवस इथे! माझ्या काट्यापासून हाकेच्या अंतरावर!"

"तुमची हाक रोज ऐकत होते. आकडा ओरडलात की कळायचं, व्याही आले कामावर."

"मग आला का नाहीत?"

"कुठल्या तोंडाने येऊ?" आता तिचे डोळे भरले. "पोर माझ्या हवाली केली होती तुम्ही. पहिला प्रश्न हाच विचारला असतात, आणि उत्तर नाही माझ्याकडे."

बाहेर पोरांचा गलका चालला होता. मग मापाडी उठला, सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं आणि म्हणाला, "चला घरी. मापाडीण वाट बघत असेल."

"नाही."

"अजून राग आहे का?"

"राग आहेच, तो वेगळा. पण मी एकटी उठून आले तर या बाकीच्यांनी काय करायचं? यांचा कुणी व्याही नाही तुमच्या शेडमध्ये. आधी सगळ्या रांगेचं बघा, मग माझं बोला."

मापाडी तसाच बाहेर पडला. त्याने कागदावर सहीच तशी केली होती.

तो शेडमध्ये पोचला तेव्हा नऊची बैठक सुरू होती. तक्ते लागलेले, निळ्यांचा एक, हिरव्यांचा एक. हिरव्यांचा साहेब जाड चष्म्याचा, आवाज मऊ. मापाडी घुसला तो थेट मधोमध.

"साहेब, तुमच्या रांगा किती?"

"बारा. सहा आमच्या, सहा निळ्यांच्या. का हो?"

"आणि मैदानात किती आहेत?"

"बाराच," निळीबाई म्हणाली आणि तक्त्यावर बोट ठेवलं.

मापाड्याने वाद घातला नाही. तक्त्याशी वाद घालणं त्याला जमणारं नव्हतं. त्याने कोपऱ्यातून रिकामी पोती ओढून आणली आणि जमिनीवर एकाशेजारी एक पसरली. "एक पोतं म्हणजे एक रांग. ही नळाची बाजू. ही रस्त्याची. आत्ता डोळ्यांनी मोजून आलोय मी. आता निळ्यांनी नळाकडून आपापली सहा पोती उचलायची. हिरव्यांनी रस्त्याकडून सहा."

दोघांची माणसं हसत हसत पुढे झाली. नळाकडून एक, दोन, तीन करत सहा पोती उचलली गेली. रस्त्याकडून सहा. मधे एक पोतं तसंच पडून राहिलं.

हसणं थांबलं.

"हे कुणाचं?" मापाड्याने विचारलं.

हिरव्या साहेबाने चष्मा काढला. "ती पट्टी... नंतर आलेली माणसं तिथे... आम्हाला वाटलं ती निळ्यांची सातवी आहे."

"आणि आम्हाला वाटलं ती तुमची सातवी," निळीबाई म्हणाली. तिने तोंडावर हात ठेवला. "सोळा दिवस! दोघांनी दोन टोकांकडून मोजलं, आणि दोघांचंही बरोबर आलं."

चूक कुणाची यावर दोन मिनिटं आवाज चढले. नारिंग्यांचा एक जण तर आमचा काही संबंध नाही एवढंच सांगायला उभा राहिला. मग निळीबाईने टेबलावर हात आपटला. "भांडण संध्याकाळी. आत्ता माणसं उपाशी आहेत." ठरलं ते असं: आजपासून दोघांची यादी एकच, मोजायचं फक्त नळाकडून, प्रत्येक तंबूच्या खांबावर रंगाने आकडा, आणि मधल्या रांगेचं नाव लिहून झालं की धान्य आजच्या आज. आधी म्हातारी माणसं, आजारी, आणि अंगावर पिणारी लेकरं असलेल्या आया.

दुपारपर्यंत मधल्या रांगेतली नावं लिहून झाली. शोधवालीने ती यादी घेतली आणि सवयीप्रमाणे पेटीतली कार्डं तिच्याशी ताडून बघायला बसली. मग एकदम उठली आणि मैदानाकडे पळत सुटली.

विहीण तंबूबाहेर तांब्या घासत होती. मापाडी शेजारीच खांबावर रंग लावणाऱ्याला आकडा सांगत होता. शोधवाली धापा टाकत म्हणाली, "आजी, जरा बाजूला येता? एक माणूस तुम्हाला शोधतोय. नदीच्या वरच्या अंगाला दुसरी छावणी आहे, तिथून. अकरा दिवसांपूर्वी कार्ड आलंय, पण तुम्ही कुठल्याच यादीत नव्हता. तुम्ही इथे आहात असं त्याला कळवू का?"

"कोण माणूस?"

तिने नाव सांगितलं.

"अगं, तो माझा मुलगा आहे!" विहिणीच्या हातातून तांब्या निसटला आणि घरंगळत गेला. "कळवू का काय विचारतेस? आत्ताच्या आत्ता कळव! ओरडून कळव!"

आता तुम्ही म्हणाल, जावयाने सासऱ्याला का नाही शोधलं? तर सासरा आपल्या घरी सुखरूप, त्याला शोधायला कोण अर्ज करतो! हरवली होती ती आई. होता तो एकच फोन नदीत पडला होता, नंबर कुणाला पाठ नव्हते, आणि बायकोला एकटी सोडून त्याला येता येत नव्हतं. सासऱ्याचं कार्ड आणि जावयाचं कार्ड अकरा दिवस एकाच पेटीत पाठीला पाठ लावून बसली होती. एकावर लेकीचं माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर लेकीचं नावच नाही. बिचारी शोधवाली तरी काय करणार?

शेडमध्ये लांब अँटेनाचा एक फोन होता. तो लागायला पाव तास गेला. आधी विहीण बोलली. बोलली म्हणजे काय, "जेवलास का रे," एवढंच पाच वेळा म्हणाली. मग तिने एकदम फोन मापाड्याच्या हातात कोंबला. "घ्या. तुमची आहे."

"बाबा?" पलीकडून लेकीचा आवाज आला. दमलेला, पण तिचाच. "तुम्ही तिथे कसे?"

मापाड्याच्या घशातून आवाज फुटेना. छत्तीस वर्षं बाजार हलवणारा गळा, आणि त्यातून नुसती हवा निघत होती.

"बाबा, मी बरी आहे. ऐकताय ना? मुलगी झालीये. सतरा दिवसांची आहे."

मापाड्याने भिंतीला हात लावला. मग तोंडून निघालं ते तेच.

"भरली किती?"

शेडमधली माणसं काय झालं ते न कळून बघत राहिली. लेक हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं. "दोन किलो नऊशे, बाबा."

"कपड्यासकट की कपडा वजा करून?"

"कपड्यासकट असेल! मी काय बघत होते का तेव्हा?"

मागून विहीण बोलली. "वजा करा हो कपडा. माझ्या गोणीचंही बारदान वजा केलंच होतं की तुम्ही."

मापाडी फोन कानाशी धरून हळूहळू वळला. बारदान म्हणजे रिकाम्या गोणीचं वजन. बाजारात ते आपोआप वजा होतं, त्याच्या तोंडून नुसत्या धान्याचाच आकडा निघायचा. विहिणीने घरी गोणीसकट जोखून पाठवलं होतं. पाऊण किलो म्हणजे बरोब्बर एक गोणी.

"चार वर्षं का नाही बोललात हे?"

"भर मांडवात चोर ठरवल्यावर तुम्हाला हिशेब समजावत बसू?" विहीण म्हणाली. पण म्हणताना तोंड मिटलेलं नव्हतं.

मापाडीणीला कळवायला चहावाला सायकल हाणत गेला. ती अर्ध्या तासात आली, पायात दोन जोडांच्या दोन चपला. ठरलं असं की उद्या सकाळी निळ्यांची गाडी वरच्या छावणीकडे औषधं घेऊन जाणार आहे, आणि आपल्या माणसांपासून तुटलेल्यांना त्यांच्याकडे पोचवायचं म्हणून तीत विहिणीला जागा मिळेल. मापाड्याने विचारून बघितलं, "आणि मला?" निळीबाई म्हणाली, "तुम्ही तुटलेले नाही, तुम्हाला बस आहे." आणि मग दमलेली असूनही पहिल्यांदाच हसली. "पण उद्या सुट्टी घ्या."

ऊन कलताना मधली रांग काट्यापुढे उभी राहिली. म्हातारी माणसं झाली, आजारी झाली, लेकुरवाळ्या झाल्या. विहीण एकटीच होती आणि धडधाकट होती, म्हणून तिचा नंबर शेवटचा लागला. उद्या जायचंय तरी तिला धान्य कशाला, असं कुणी म्हणालं. तर ती म्हणाली, सोळा दिवस ज्यांनी मला खाऊ घातलं त्यांच्या पातेल्यात टाकून जाणार आहे.

मापाड्याने पोतं काट्यावर चढवलं. दोन पावलं मागे सरला. दोन्ही हात पाठीशी बांधले. काटा थरथरून थांबला, आणि त्याने आकडा ओरडला, तो असा की चहावाल्याच्या हातातला कप डचमळला.

"बारदान धरून की सोडून?" विहिणीने विचारलं.

"सोडून," मापाडी म्हणाला. "तुम्ही स्वतः बघा. नाहीतर पुन्हा चार वर्षं तांब्या ठेवून आत जाल."

तिने पुढे वाकून काटा नीट बघितला. मग पोतं उचलायला त्यानेच हात लावला.